लाट थांबेपर्यंत

नरेंद्र घारपुरेच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, सुरेल आणि बेसूर. पहिल्या प्रकारात तो स्वतः होता, मिरजेचे त्याचे बुवा होते, आणि बुवांचा मुलगा श्रीरामदादा नाइलाजाने होता. बाकीचं जग दुसऱ्या प्रकारात मोडायचं. त्यात आख्खी अमेरिका आली, सनीव्हेलचं मराठी मंडळ आलं आणि त्याची बायको उत्तराही आली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात भाजी परतता परतता ती भूप गुणगुणत होती आणि तिने त्यात खुशाल मध्यम लावला होता. भूपात मध्यम नसतो. त्या मध्यमाला पंधरा वर्षं झाली होती, पण नरेंद्रने तो अजून माफ केला नव्हता.

अशा माणसाच्या नशिबी गामेलान यावं याला काय म्हणायचं. गामेलान म्हणजे इंडोनेशियातला काशाच्या वाद्यांचा ताफा. लाकडी चौकटींवर मांडलेल्या काशाच्या पट्ट्या, उपड्या पातेल्यांसारख्या घंटा, मागे टांगलेले मोठाले गाँग. वीसेक माणसं मांडी घालून बसतात आणि लाकडी हातोड्यांनी ते सगळं वाजवतात. नरेंद्र सत्तरच्या सुमारास कॅलिफोर्नियात आला तो ख्याल शिकवण्याचं स्वप्न घेऊन. ख्याल शिकायला एकच हिप्पी आला. तो काही आठवडे डोळे मिटून षड्ज लावत बसला, त्यातच त्याला काय तो साक्षात्कार झाला आणि तो ऑरेगनला गाजरं पिकवायला निघून गेला. विद्यापीठाने नरेंद्रला स्वच्छ सांगितलं, असिस्टंटशिप टिकवायची असेल तर आमच्या जावानीज गामेलानमध्ये वाजवावं लागेल. त्याने नाक मुरडलं आणि हातोडी उचलली.

आणि तिथेच त्याचं भाग्य उजळलं, हा त्यातला खरा अपमान. तालात वाढलेल्या माणसाला ती आवर्तनं म्हणजे डाव्या हाताचा मळ. वर्षभरात तो त्या ताफ्याचा मुख्य वादक झाला. मग कार्यक्रम सुरू झाले. चर्चच्या तळघरात, शाळांच्या जिममध्ये, एकदा तर एका वाईनरीत, जिथे लोक हातात ग्लास घेऊन गाँगपाशी फोटो काढत होते. पुढे डोंगराजवळच्या एका लहानशा कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली. शिकवणाऱ्याने रचनाही कराव्यात अशी तिथली अपेक्षा, म्हणून तो रचनाकारही झाला. अमेरिकन माणसाला काय लागतं हे त्याला एव्हाना पाठ झालं होतं. जरा मालकंस, जरा गाँग आणि वर एखादं धुकट नाव. त्याच्या रचनांना 'मॉन्सून मेडिटेशन' अशी नावं असत आणि स्थानिक वर्तमानपत्रं त्यांना गहन म्हणत. ती कात्रणं तो उत्तराला वाचून दाखवायचा आणि म्हणायचा, "बघ, गाढवं."

म्हणजे ज्या विद्येवर घर चालत होतं, ती त्याला भांडी बडवणं वाटायची. जे शिकायला यायचे ते मठ्ठ वाटायचे, आणि जे टाळ्या वाजवायचे त्यांची तर त्याला कीव यायची. इतकं सगळं तुच्छ लेखूनही माणूस मजेत जगू शकतो, पगार वेळेवर होत असला म्हणजे झालं.

१९८५च्या हिवाळ्याच्या तोंडाशी कॉलेजला नवं गामेलान मिळालं. कॉलेजच्या एका श्रीमंत माजी विद्यार्थिनीने बालीत फिरताना ते विकत घेऊन भेट म्हणून पाठवलं. खोकी उघडली, लाल-सोनेरी कोरीव चौकटी बाहेर आल्या, आणि नरेंद्रने पहिल्या पट्टीवर हातोडी मारताच त्याच्या कपाळाला आठी पडली. बालीच्या गामेलानात प्रत्येक वाद्याला जोडीदार असतो. दोघांवर तेच स्वर, पण एकाचा स्वर केसभर उतरलेला ठेवतात. दोन्ही एकदम वाजली की ते दोन स्वर एकमेकांना घासतात आणि हवेत एक थरथर उठते. तिला तिकडे ओम्बाक, म्हणजे लाट म्हणतात. ही थरथर म्हणजे वाद्याचा जीव, असं नरेंद्रच्या जुन्या प्रोफेसरांनी वर्गात सांगितलेलं होतं. नरेंद्रने ते तेव्हाच ऐकून सोडून दिलं होतं. ज्यांना वाद्य जुळवता येत नाही त्यांनी काढलेली ही पळवाट, असं त्याचं मत. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवण्यात त्याने बुवांच्या घरी वर्षं घालवली होती. जोड केसभर हलली तर बुवा तंबोरा खाली ठेवून उठून जायचे.

नवी वाद्यं लोकांना दाखवायला कॉलेजने एक दुपार ठेवली, तिला उत्तराच्या आग्रहाने मंडळाची काही माणसं आली. मंडळाच्या सुमित्राकाकू पहिल्या रांगेत बसल्या. मुलगा डॉक्टर, सून डॉक्टर, आणि काकूंचं कशावरही मत तयार. वाजवणं संपल्यावर त्या कानावरचे हात काढत म्हणाल्या, "छान आहे हो नरेंद्र, पण कानात नुसती भुणभुण होते. त्यापेक्षा गणपतीत तू एखादं भावगीत म्हण ना." नरेंद्र तोंडदेखलं हसला. भुणभुण होते हे त्यालाही मान्य होतं, पण काकूंना ते कळावं याचाच त्याला राग आला.

येत्या एप्रिलमध्ये त्याची नोकरी कायम व्हायची की सुटायची ते ठरणार होतं. कमिटी त्याचा कार्यक्रम ऐकणार, आणि त्यात त्याची नवी रचना हवी. कायम झाला तर जन्मभराची निश्चिंती. नाही झाला तर चाळिशीच्या पुढे, दोन मुलांना घेऊन, पुन्हा कुठल्या तरी तळघरात. म्हणून शनिवारी दुपारी तो रिकाम्या हॉलमध्ये जाऊन नव्या वाद्यांवर रचना बांधायला लागला. उत्तरा बरोबर यायची. कोपऱ्यात भिंतीला टेकून मुलांचे स्वेटर विणायची. वाद्यं ओलांडायची नाहीत, चपला बाहेर काढायच्या, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. चुकून एकदा तिचा पाय चौकटीला लागला तेव्हा तिने वाकून नमस्कार केला. नरेंद्र म्हणाला, "अगं, लाकूड आहे ते." ती म्हणाली, "असू दे."

रचनेचं नाव त्याने आधीच ठरवलं होतं, 'ट्वायलाइट ॲट द घाट'. त्याने आयुष्यात घाटावर संध्याकाळ अशी काढलेली नव्हती, पण कमिटीलाही ते माहीत नव्हतं. सुरुवात आणि शेवट त्याने नेहमीच्या हातखंड्याने उरकले. मधला संथ भाग मात्र काही वेगळाच झाला. सगळ्यांनी मिळून एकच आघात करायचा आणि थांबायचं. मग दुसरा, आणि पुन्हा थांबायचं. किती थांबायचं याच्या मात्रा त्याने लिहिल्याच नाहीत. पुढे पुढे शनिवारी विद्यार्थीही यायला लागले; तो मानेने खूण करायचा, आणि ती मुलं बरोबर यायची. तो भाग कुठून सुचला हे त्याला सांगता आलं नसतं. त्या शनिवारी घरी जाताना तो कुणाला गाढव म्हणायचा नाही.

हे असंच चाललं असतं, पण फेब्रुवारीत श्रीरामदादा आला. बुवांचा मुलगा, आता दौऱ्यावर निघणारा मोठा गवई. न्यू जर्सीला एडिसनच्या लोकांनी डोक्यावर घेतलेला आणि त्या धुंदीतच सनीव्हेलला उतरलेला. नरेंद्रने मोठ्या हौसेने त्याला हॉलवर नेलं. आपण इथे काय उभं केलंय ते बुवांच्या घरच्या माणसाने बघावं, एवढीच त्याची इच्छा होती. विद्यार्थ्यांनी तो संथ भाग वाजवला. श्रीरामदादा खुर्चीत पाय पसरून बसला होता. दुसऱ्या आघातालाच तो हसायला लागला.

"नरू," तो म्हणाला, "आणि हे किती वर्षं करतोयस तू? एक पट्टी दुसरीशी जुळत नाही रे. आमच्या आबांनी ऐकलं असतं तर तुला पायरीवर उभं केलं नसतं."

"मुद्दाम ठेवतात तसं, दादा. तिकडची पद्धत आहे."

"बेसुराची पण पद्धत असते?" श्रीरामदादा म्हणाला, आणि घड्याळात बघून त्याने विचारलं, "जेवायला काय आहे?"

जेवायला मटारची उसळ होती. नरेंद्र दादाला ती वाढत राहिला. प्रोफेसरांचं जे बोलणं त्याने पळवाट म्हणून उडवलं होतं, तेच आपण दादासमोर पुढे केलं आणि दादाने ते त्याच्याच शब्दांत उडवलं, हे त्याला फार लागलं. दुसऱ्याला तुच्छ लेखणाऱ्या माणसाची कातडी स्वतःच्या बाबतीत मोठी नाजूक असते. रात्रभर त्याला एकच दिसत होतं, एप्रिलमधली कमिटी अशीच पाय पसरून बसली आहे आणि हसते आहे.

मार्चमध्ये कॉलेजला आठवड्याची सुट्टी लागली. नरेंद्रने मंडळातल्या अनिलला फोन केला. अनिल चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होता आणि मशीनने सुटणार नाही असा प्रश्न जगात आहे यावर त्याचा विश्वास नव्हता. शनिवारी सकाळी तो लॅबमधला ऑसिलोस्कोप गाडीत घालून घेऊन आला.

"सिंपल आहे यार," तो म्हणाला. "दोन माइक, दोन पट्ट्या. स्क्रीनवर दोन लाटा दिसतील. फ्रिक्वेन्सी वेगळी असेल तर एक लाट सरकत राहणार. तू घासत राहा. लाट थांबली की मॅच झालं."

पट्टी खालच्या बाजूने टोकाशी घासली की स्वर चढतो, मधोमध घासली की उतरतो, एवढं नरेंद्रला ठाऊक होतं. उतरलेल्या वाद्याच्या पट्ट्या त्याने एकेक करून दोरीतून सोडवल्या, फडक्यावर उपड्या ठेवल्या आणि कानस चालवायला सुरुवात केली. काशाचा पिवळा भुगा फडक्यावर साचू लागला. तो घासायचा, अनिल ठोकायचा, दोघं स्क्रीनकडे बघायचे. लाट पळायची, मग चालायची, मग रेंगाळायची आणि शेवटी चित्रासारखी उभी राहायची. "लॉक्ड," अनिल म्हणायचा. सुरुवातीला आकडे किती होते ते टिपून ठेवायचं दोघांच्याही मनात आलं नाही. जे चूक आहे ते कशाला टिपायचं?

उत्तराने डब्यात थालीपीठं दिली होती. ती खाताना अनिलने विचारलं, "हे लोक आधीच का नाही मॅच करत?"

"कान नाहीत," नरेंद्र म्हणाला.

रविवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या जोड्या जुळल्या. नरेंद्रने एक जोडी एकदम वाजवली. एकच स्वर आला, सरळ, स्वच्छ, पुसून ठेवलेल्या ताटासारखा. त्याला धन्य वाटलं. श्रीरामदादाला आता बोलवायला हवं होतं, असंही वाटलं.

सुट्टी संपल्यावर मंगळवारी विद्यार्थी आले. ग्लेन नावाचा त्याचा एक जुना विद्यार्थी होता, सुतारकाम करून शिकणारा. त्याने पहिला आघात केला आणि हातोडी उलटी करून बघितली. मग दुसरी हातोडी घेतली. "इट्स द वेदर," नरेंद्रने सांगितलं, आणि ग्लेनने मान डोलावली. अमेरिकन माणूस हवेवर लगेच विश्वास ठेवतो.

मग ते संथ भागापाशी आले. सगळ्यांनी मिळून आघात केला आणि थांबले. नरेंद्रने मान हलवायच्या आधीच तिघं पुढे घुसले. दोघं मागे राहिले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच झालं. इतके आठवडे जी मुलं डोळे मिटूनसुद्धा बरोबर यायची, ती आता भांबावल्यासारखी एकमेकांकडे बघत होती. नरेंद्र ओरडणारच होता. तेवढ्यात त्याला कळलं आणि हातातली हातोडी त्याने खाली ठेवली.

मुलं इतके दिवस त्याची मान बघून येतच नव्हती. ती लाटेची थरथर ऐकत होती. आघातानंतर लाट उठायची, हॉलभर पसरायची, हळूहळू विरायची, आणि ती विरली की सगळे आपोआप पुढचा आघात करायचे. आणि मुलांचंच काय, त्याने स्वतः ती रचना त्या लाटेवरच बांधली होती. ते थांबे म्हणजे तिच्यासाठी ठेवलेली जागा होती. आता तिथे काही नव्हतं. ठोका पडत होता आणि मरत होता. तंबोऱ्याची जवारी काढायला घोडीवर सुताचा दोरा सरकवतात, त्या दोऱ्याने तंबोरा झणझणतो, बोलतो. तो दोरा कचरा समजून कुणी फेकून द्यावा, तसं त्याने केलं होतं. हे मिरजेतल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही सुचलं नसतं. नरेंद्रला स्वतःची इतकी किळस आली की त्याने मुलांना लवकर घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकटाच कानस घेऊन बसला. पट्टी मधोमध घासली तर स्वर उतरतो, म्हणजे परत मागे नेता येईल. एक पट्टी त्याने घासली. जोडीबरोबर वाजवली तर ती म्हाताऱ्याच्या मानेसारखी लटलटली. हे ते नव्हे. म्हणून जरा टोकाशी घासली. आता लाट इतकी आळसावली की तिला लाट म्हणवेना. किती वेगाची होती ती? त्याने डोळे मिटले, आठवायचा प्रयत्न केला. बुवांच्या गंधारातला सुईच्या टोकाएवढा उतार त्याला वीस वर्षांनीही जसाच्या तसा आठवत होता, आणि सगळा हिवाळा कानावर पडलेली ही लाट काही केल्या आठवेना. आठवणार कुठून? ती त्याने ऐकली कुठे होती, तो ती सोसत होता. ग्लेनकडे तालमीची एक कॅसेट होती, पण ती टेपच इतकी लडखडायची की लाट वाद्याची की टेपची हे ओळखणं अशक्य होतं.

एक रस्ता होता. जुन्या प्रोफेसरांना फोन करायचा, बालीहून वाद्य जुळवणारा कारागीर बोलवायचा, आणि भेट म्हणून आलेलं गामेलान आपण कानशीने घासून मारलं हे कॉलेजला सांगायचं. कमिटी तोंडावर आलेली. नरेंद्रने फोनकडे बराच वेळ बघितलं. मग ती बिघडलेली पट्टी त्याने पुन्हा घासून जोडीशी तंतोतंत जुळवली आणि भुगा झाडून कचऱ्यात टाकला. उरलेल्या तालमींत त्याने मुलांना थांब्यांच्या मात्रा मोजायला लावल्या. प्रत्येक आघातानंतर आठ. मुलं मनातल्या मनात मोजायची, ओठ हलताना दिसायचे. पण सगळे एकदम यायला लागले.

एप्रिलचा कार्यक्रम उत्तम झाला. कमिटी सरळ बसून ऐकत होती, कोणी हसलं नाही. संथ भागानंतर तर विभागप्रमुख बाईंनी डोळे पुसले. त्या रडल्या कशाला, हे नरेंद्रला कळेना. त्या मुडद्यावर रडण्याचा हक्क फक्त त्याला होता. नंतर त्या स्टेजमागे आल्या, दोन्ही हातांत त्याचा हात धरला आणि असा स्वच्छ आवाज या वाद्यांतून आपण कधी ऐकला नव्हता, आता तुम्ही कायमचे आमचे, असं म्हणाल्या. आयुष्यभर ज्यांना कान नाहीत म्हणून तो हसला, त्यांना खरोखरच कान नव्हते, आणि म्हणूनच आज तो वाचला होता. त्याने आभार मानले.

बाहेर लॉबीत मंडळाची माणसं उभी होती. सुमित्राकाकूंनी पर्समधून पेढ्यांचा डबा काढला.

"काँग्रॅच्युलेशन्स नरेंद्र. यावेळी फार छान वाटलं हो. मागच्या वेळची ती भुणभुण अजिबात नव्हती. अगदी सुरात. आमच्या कानांना कळतं बरं का, आम्ही काही अगदी औरंगजेब नाही."

श्रीरामदादा, सुमित्राकाकू आणि आपण, तिघांचे कान एकच आहेत, हे नरेंद्रला त्या लॉबीत उभ्या उभ्या समजलं. अनिल मागून येऊन पाठीवर थाप मारून म्हणाला, "टोल्ड यू यार." नरेंद्रने पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "थँक यू, काकू."

घरी जाताना उत्तरा शेजारी बसली होती. मुलं मागच्या सीटवर झोपली होती. मग सिग्नलला गाडी थांबल्यावर तिने विचारलं, "आज कोणी आलं नव्हतं का रे?"

"सगळे होते. का?"

"काही नाही. मला काय कळतंय त्यातलं. पण एक माणूस कमी असल्यासारखं वाटत होतं. ते मागे कोणीतरी गुणगुणायचं ना सारखं, शनिवारी मी विणत बसायची तेव्हा. मला वाटायचं तू मागे कोणाला तरी बसवलंयस." तिने मागे वळून मुलांचं पांघरूण सारखं केलं. "आजारी आहे का तो?"

"हो," नरेंद्र म्हणाला.

"मग बरा झाला की पुन्हा वाजवा. त्याच्यामुळे ते तुझं संथ आहे ना, ते फार छान व्हायचं."

आणि ती ते हलकेच गुणगुणायला लागली. नेहमीप्रमाणे सुराला जरा खालीच, पण आघात न् आघात तिला पाठ होता. पहिला स्वर लावून ती थांबली. नरेंद्र स्टिअरिंगवर हात ठेवून मनातल्या मनात मोजू लागला. आठ झाले. ती अजून थांबलेलीच होती.